कोरडं बकरम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझी साधी शिंकसुद्धा लपत नाही.

परवा लातुरात व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात मला पुन्हा माईकपुढे उभं केलं. विषय ठरलेला — धंद्यात पुढं जायचं तर रोज नवं शिका. एका शिलाई मशीनवरून दोन मजली दुकान उभं केलेला शिंपी म्हणून मला बोलावतात. टाळ्या पडतात, आणि मला चीड येते. कुणाची? माझीच, दुसऱ्या कुणाची असणार?

मी शिकत राहिलो हे खरंच आहे. ते खोटं असतं तर बरं झालं असतं.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्याबरोबर ताठ कॉलरच्या शर्टांची मागणी आली. आम्हाला तसं शिवता येत नव्हतं. मी हैदराबादला एका मास्तरकडे जाऊन शिकून आलो. उपाशीतापाशी शिकलो — हे मी भाषणात सांगतो. पुढचं गिळतो.

शेजारी काशिनाथअण्णांचं दुकान होतं. मी उदगीरहून आलो तेव्हा कात्री धरायला त्यांनीच शिकवलं, हातचं काही न राखता. त्यांच्या शिवणीला जी सफाई होती ती मला आजही साधलेली नाही. ते कॉलरमध्ये कापडाचीच दुहेरी घडी घालत. नव्या कॉलरला मात्र आत बकरम लागायचं — ते जाड, कडक कापड. ते आधी पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मगच कापायचं. नाही तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि कॉलरला फुगे येतात. हैदराबादेत मी शिकलो त्यातलं अण्णांना एवढंच येत नव्हतं. बाकी सगळं माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

म्हणूनच मी घाबरलो असेन. असेन कशाला — घाबरलोच.

गिऱ्हाइकं मागू लागली तसं अण्णांनीही बकरम आणलं आणि मला सरळ विचारलं. दुष्काळ होता, टँकर येईल तेव्हा येईल, बायका घागरी लावून उन्हात बसलेल्या.

"मन्मथ, ह्ये भिजवावं लागतंय का रे? प्यायला पाणी न्हाई इथं."

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "तसंच कापा."

दुष्काळानं खोटं बोलणं किती सोपं केलं बघा! त्याच वेळी माझ्या दुकानामागं, बायकोनं रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यात, माझं बकरम भिजत पडलं होतं.

पुढं काय झालं ते सांगायला हवं का? गिऱ्हाइकं शर्ट घेऊन अण्णांकडे परत आली. कुणी ते अंगावर फेकले. अण्णांनी नवं बकरम घालून पुन्हा शिवले — पुन्हा तेच. मला वाटलं होतं, चार गिऱ्हाइकं माझ्याकडे वळतील, बस्स. पण अण्णांनी बकरमला दोष दिला नाही, मलाही दिला नाही. एका दुपारी फुगलेली कॉलर घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझा हात गेला का रे?"

तेव्हा तरी? एका वाक्याचं काम होतं. मी काय म्हणालो असेन?

"उमर झाली अण्णा."

पन्नाशीही उलटली नव्हती त्यांची.

अण्णांनी शर्ट शिवणं सोडलं. पुढं जन्मभर परकर आणि उशांचे अभ्रे शिवले. मी शेरवानी शिकलो, मग मशीनवरची कशिदाकारी शिकलो, माईकपुढं बोलायलाही शिकलो. काय उपयोग? शेजारच्या दुकानात जाऊन ते एक वाक्य बोलणं मला कधी जमलंच नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला गेलो होतो — आज सांगायचंच, असं ठरवून. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच माझा हात हातात घेतला.

"त्या टायमाला तू खरं बोललास, मन्मथ. दुसरा कोण बोलला असता? लोकायची कापडं नासवत बसलो असतो मी."

मी होकारार्थी मान डोलावली. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो प्यालो आणि घरी आलो.