बाजूने काढलेला फोटो
कर्वेनगरच्या एक्स-रे सेंटरमधल्या त्या तंत्रज्ञाचं नाव मी कधी विचारलं नाही. छाती टेकवायची पाटी गार लागू नये म्हणून ते आधी तिच्यावर तळवे घासायचे. आयटीतली नवी नोकरी, एसीमुळेच खोकला झालाय, असं मी त्यांना सांगितलं. ओली फिल्म त्यांनी दोनदा उजेडावर धरून पाहिली. डॉक्टरांना फोन लावून त्यांनी बाजूनेही एक फोटो काढला.

"निदान डॉक्टर करतील. पण आजच दाखवा."

छातीत मधोमध गाठ होती. तिचा तुकडा तपासल्यावर लिम्फोमा, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, निघाला.

उपचार संपल्यावर पुन्हा गेलो. त्यांनी पाटीवर तळवे घासले, फोटो काढला, फिल्म बराच वेळ पाहिली.

"रिपोर्ट डॉक्टर देतील," ते म्हणाले. "पण आता खोकला आला, तर खुशाल एसीला शिव्या द्या."