छत्रीची बंदूक

ही गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली असेल. लग्नाच्या पंगती उठल्यावर, शिक्षकांच्या सहलीत, एकदा तर एका बारशाला पाळण्याशेजारी उभं राहून. हातात छत्री असली तर उत्तम, नाहीतर काठी, काठीही नसली तर यजमानांच्या स्वयंपाकघरातलं लाटणं. लोक पोट धरधरून हसतात. हसणारच, नक्कल चांगली आहे. हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण त्या दिवसाबद्दल माझ्या बाजूनं चांगलं असं एवढंच सांगता येईल. मात्र दरवेळी मी गोष्ट मधूनच सुरू करतो आणि शेवट यायच्या आत थांबवतो. आज आधीचं आणि नंतरचं सांगायचं आहे. म्हणून बसून सांगतो, उभा राहून नाही.

स्वातंत्र्य यायला वर्ष-दीड वर्ष होतं. मी नगरचा, पंचविशीतला, आणि नेमणूक कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेवर. गावात करमणूक म्हणजे मी. पाटलांचं खाकरणं, तलाठ्याचं तपकीर ओढणं, गावच्या वाण्याचं तागडी धरणं, सगळं मी करून दाखवायचो आणि ज्याची नक्कल तोच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. त्यामुळे मला असं वाटू लागलं होतं की नक्कल म्हणजे एक प्रकारचा मानच.

त्या गावाला खरा जाच काळविटांचा. माळरानावरून पहाटे कळप उतरायचे आणि शाळूचं कोवळं पीक असं खायचे की रान वस्तऱ्यानं तासल्यासारखं दिसायचं. त्यासाठी सरकार पीकसंरक्षणाची बंदूक द्यायचं, पण लढाईच्या दिवसांपासून सरकार बंदुकीच्या नावानं धास्तावलेलं. आमच्या मामलेदारांचा दंडक असा की एका गावाला एकच परवाना. गावची ती एकमेव ठासणीची बंदूक होती माळाच्या कडेला वस्ती करून राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या नावावर. तो त्या उन्हाळ्यात तापानं गेला. माणूस गेला की परवानाही गेला, हत्यार तालुक्याला जमा करायचं. पोलीसपाटलानं बंदूक गोधडीत गुंडाळून बैलगाडीत घातली. त्या बिचाऱ्याला पोचवायला आले होते त्याहून जास्त लोक बंदुकीला पोचवायला वेशीपर्यंत गेले.

श्रावणात त्याची बायको शाळेत आली. पस्तिशीची असेल. घरात ती आणि आंधळी सासू. "गुरुजी," ती म्हणाली, "बंदूक माज्या नावावर करायचा अर्ज लिवून द्या."

मी कागद घेतला. "बाई, सरकार विचारील, तुम्हाला चालवता येते का?"

तिनं दाराकडे पाहिलं. शाळा सुटली होती, बाहेर कोणी नव्हतं. तरी आवाज उतरवून बोलली. "मालकांस्नी पहाटचं दिसत नव्हतं. अंधारात दिसायचंच न्हाई त्यास्नी, ल्हानपनापासनं. ते दारू मोजून गजानं ठासायचे आन् मी उडवायची. धा-बारा वरसं मीच उडवतीया. गावाला वाटतं, त्यांचा न्येम लई भारी हुता." हे सांगताना ती हसली. मग एकदम घाबरली. "हे लिवू नगा, गुरुजी. परवाना त्यांचा आन् हात माजा, म्हंजे गुन्हा व्हतोय न्हवं?"

होत होता. परवाना एकाचा आणि बंदूक दुसऱ्याच्या हातात म्हणजे खटला. मी ते लिहिलं नाही. बाकीचा अर्ज मात्र असा लिहिला की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत. वस्ती एकाकी, सासू आंधळी, शाळूची पेरणी तोंडावर आलेली आणि रक्षणास कोणी नाही. शेवटी मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला आणि म्हणाली, "झ्याक झालाय. आता तुमच्यावरच हाय."

दुसरा अर्ज पाटलांच्या पुतण्याचा. त्याचं रान गावाला लागून, तिथं हरीण फिरकायचं नाही. पण त्याला बंदूक खुंटीला हवी होती, पाहुण्यांना दिसेल अशी.

आश्विनात मामलेदार दौऱ्यावर आले. चावडीपुढे खुर्ची, खुर्चीला टेकवलेली त्यांची लांब दांड्याची काळी छत्री, आणि समोर सगळं गाव. मामलेदार कधी हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी विचारलं, "बंदूक कुणाला द्यावी, गावाचं काय म्हणणं?"

गावाचं काय, गावाची दहा म्हणणी होती.

एक म्हातारा उठला. "रावसाहेब, राग मानू नगा. सरकार येवढा कागुद मागतंय कशापायी? त्याला आमचंच भ्या वाटतंय. सवराज येऊ द्या, घरटी एक बंदूक आसल."

"घरटी एक?" त्याचा शेजारी बसल्या जागेवरून म्हणाला. "मंग तुज्या भावकीत बांधावरनं भांडान झालं की तिसऱ्या दिशी भाकरी थापायला बी कुनी उरायचं न्हाई."

"तुजा बांध सरळ आसता तर भांडान झालंच नसतं!"

"ऐका रावसाहेब, ऐका. आन् ह्यास्नी बंदूक द्या."

तिसरा म्हणाला, "म्या म्हंतो कुनालाच नगं. काठी बरी. काठी चुकून सुटत न्हाई."

"काठीला हरीन भितंय व्हय रं?"

मला तेव्हा वाटलं होतं की हे सगळे गमतीचे नमुने आहेत, आणि कोणाची नक्कल आधी बसवावी एवढाच प्रश्न आहे. आज वाटतं की तिघांच्याही बोलण्यात काहीतरी होतं. बंदूक नको म्हणणाराही वेडा नव्हता आणि हवी म्हणणाराही नाही. फक्त जिला तिची गरज होती, ती पायरीखाली उभी होती आणि तिला अजून कोणी विचारलं नव्हतं.

मामलेदारांनी विचारलं. "काय बाई, कधी बंदूक हातात धरली आहे का?"

तिनं होय म्हणावं तर गुन्हा कबूल, नाही म्हणावं तर अर्ज संपला. त्या चावडीपुढे ही अडचण दोघांनाच ठाऊक होती, तिला आणि मला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजींस्नी इचारा," म्हणाली. "अर्ज त्यांनी लिवलाय."

मी तयार होतो. सकाळी दाढी करताना वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, 'रावसाहेब, ज्या घरात इतकी वर्षं बंदूक नांदली त्या घराला ती कशी सांभाळावी हे माहीत आहे. हवं तर बाईंची परीक्षा घ्या.' यात खोटं काही नव्हतं आणि गुन्हाही नव्हता. मी उठलो, घसा साफ केला, तेवढ्यात पाटलांचा पुतण्या मागून म्हणाला, "बाई आदी पदर सावरनार का घोडा वडनार?"

लोक हसले.

खरं सांगायचं तर मला राग आला नाही. हेवा वाटला. माझ्या गावात, मी उभा असताना, हशा दुसऱ्याला मिळाला होता. तोही असल्या भिकार विनोदाला! माझे हात शिवशिवले. वाक्य कुठल्या कुठे गेलं. मामलेदारांच्या खुर्चीला टेकवलेली छत्री उचलून मी म्हणालो, "रावसाहेब, परवानगी असेल तर प्रत्यक्षच दाखवतो."

उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला, एक टोक दातात धरलं. छत्रीचा दांडा बगलेत, टोक आभाळाकडे. मग हरणाला हाक, "आरं ए हरना, जरा थांब की, माजा पदर सुटलाय!" मग दारू ठासताना तपकीर समजून हुंगली, शिंक आली. मग डोळे मिटले, तोंड फिरवलं, छत्री पाटलांच्या पुतण्याच्या पोटाला लावली आणि खटका दाबला. फाट्कन छत्री उघडली, आणि मी त्या आवाजानं मागे उलटून धुळीत पडलो. पडल्या पडल्या, छत्रीखालून एक डोळा बाहेर काढून विचारलं, "मेलं का वो हरीन?"

चावडी हादरली. म्हातारे एकमेकांच्या अंगावर कोसळले. जे कधी हसत नसत ते मामलेदार इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी धुळीतून तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर घेतला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं, तीही हसते आहे. मला वाटलं, माझी जन्मातली सगळ्यांत चांगली नक्कल हीच.

मामलेदारांनी चष्मा चढवला, तिच्या अर्जावर लिहिलं, 'अर्जदार बाई हत्यार बाळगण्यास योग्य दिसत नाहीत', आणि परवाना पुतण्याला दिला. लिहितानाही त्यांना मधेच हसू फुटत होतं. निघताना माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुजी, नाटकात जायचं सोडून इथं काय करता?" संध्याकाळपर्यंत मी जमिनीवर नव्हतो. तिच्या अर्जाचं काय झालं हे मला ठाऊक होतं, पण ते डोक्यात मागच्या बाकावर बसलं होतं, आणि मी त्याला हात वर करू देत नव्हतो.

गोष्ट सांगताना मी इथं थांबतो. लोक टाळ्या देतात.

मार्गशीर्षापासून रोज पहाटे माळाकडून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येऊ लागला. डबा आणि तिच्या आरोळ्या. पहिले काही दिवस कळप बुजायचे. मग त्यांना डब्याची सवय झाली, ते मान वर करून पाहायचे आणि पुन्हा खाऊ लागायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण एकदा तिकडे गेलो होतो. शाळूमध्ये उभी राहून ती डबा वाजवत होती आणि तिच्यापासून दगडाच्या टप्प्यावर एक काळवीट शांतपणे चरत होतं. मी पुढं झालो नाही. तिथूनच परत फिरलो. पुतण्याची बंदूक खुंटीला होती, तेल लावून चकचकीत. पहाटे उठणं त्याच्या कुळीत नव्हतं. दोन लग्नांच्या वरातींत त्यानं बार काढले तेवढंच. पौषात तिच्या आरोळ्यांचा आवाज बसला आणि नंतर तो कधीच नीट सुटला नाही. रानात राहिली ती शेंडे खाल्लेली शाळूची ताटं.

पाडव्याच्या आधी ती शाळेत आली. जमीन वाट्यानं देत होती, त्याच पुतण्याला. त्यानं बंदुकीनं राखण करायची आणि पिकातलं अर्धं न्यायचं. करार लिहायला माझ्याकडे आली होती, कारण गावात चांगलं अक्षर माझंच होतं. मी लिहिला. तिनं अंगठा उठवला, बोटाची शाई पदराला पुसली आणि तिच्या त्या फाटलेल्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, त्या दिशीची नक्कल करून दावा."

"जाऊ द्या ना, बाई."

"न्हाई, करा. समद्या गावानं बगितली. माज्या डोळ्याला पानी आलं हुतं, मला नीट दिसलीच न्हाई."

म्हणजे ती हसत नव्हती.

मी नाही म्हणू शकलो नाही. भिंतीवरचा नकाशा गुंडाळून दांड्यासकट हातात घेतला, बगलेत धरला. पदराचं नाटक काही जमेना. नकाशाचं टोक थरथरत होतं, आणि मी प्रेक्षक नसलेल्या नटासारखा उभा होतो.

ती जवळ आली. "दस्ता बगलंत न्हाई," म्हणाली. "हितं. खांद्याच्या खोबनीत घट. न्हाईतर हाड मोडंल." माझ्या हातातून गुंडाळी घेतली आणि स्वतः धरून दाखवली. गाल टेकवला, डावा हात पुढं सरकवला, एक डोळा मिटला. दारातून समोरच्या लिंबाकडे रोखलेला तो नकाशा तसूभर हलत नव्हता. "दम निम्मा सोडायचा, आन् मंग चाप." क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग गुंडाळी खाली ठेवली आणि वरची धूळ हातानं झटकली.

मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, अजून वेळ गेलेली नाही. मी दुसरा अर्ज लिहून देतो. तालुक्याला स्वतः घेऊन जातो."

"नगं. त्यो अर्ज बी झ्याकच हुता," ती म्हणाली. "पर त्याच्यासंगं तुमी बी आला."

करार घडी करून तिनं कनवटीला लावला आणि गेली. पुढल्या वर्षी माझी बदली झाली. मामलेदारांना एक पत्र लिहायचं होतं. ते लिहायचं राहिलं असं मी म्हणत आलो. राहिलं नाही, मी लिहिलं नाही. पत्रात माझी चूक सांगावी लागली असती, आणि मामलेदारांना ती नक्कल फार आवडली होती.

गोष्ट मात्र मी सांगत राहिलो. अजूनही आग्रह झाला तर उठतो, आणि छत्री हातात आली की दांडा बगलेतच धरतो. बरोबर कसा धरायचा ते मला पक्कं माहीत आहे, तिनंच शिकवलं आहे. एकदा एका लग्नात तसा धरून पाहिला, खांद्याच्या खोबणीत, गाल टेकवून. कोणी हसलं नाही. लगेच मी तो पुन्हा बगलेत घेतला.