दत्ताचे केस

पेट्रोलच्या, म्हणजे गस्तीच्या, आदल्या दिवशी, रविवारी दुपारी तीन वाजता, दत्ताचे केस मीच कापले. सीमेवरच्या पोस्टवर न्हावी नसतो. बॅटरीवरची मशीन असते आणि हात मोकळे असतील त्याने ती चालवायची. "लय बारीक नको करू," दत्ता म्हणाला. मी मुद्दाम मशीन सपाट फिरवली आणि वर टप्पल मारली. सगळी सेक्शन हसली.

दत्ता आणि मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे. माझे वडील शाळेत मास्तर, त्याचे वडील, नाना, शेतकरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी फक्त झोपायला जायचो, बाकी सगळा दिवस दत्ताच्या विहिरीवर. नाना आमच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून पाण्यात ढकलायचे आणि वरून ओरडायचे, "कुनी बुडायलंय दिसलं तर पुढून जायचं न्हाई. गळ्यात पडतंय ते. मागून जायचं अन् केस धरायचे." दत्ताचे केस धरायला सोपे होते. नवसाचा पोरगा, दहाव्या वर्षापर्यंत त्याला वेणी होती. पोरं चिडवायची, तो भांडण काढायचा आणि त्याच्या वाटणीचा मार मीही खायचो.

आम्ही नऊ वर्षांचे असताना एकदा त्याचा भोपळा सुटला. नाना मोटार बघायला गेले होते. मी मागून गेलो, वेणी मुठीत गुंडाळली आणि त्याला ओढत पायरीला आणले. त्या दिवशी त्याच्या आईने, गयामायने, आधी आम्हा दोघांना बदडले, मग शेतातच चूल मांडून धपाटे केले आणि वर लोण्याचा गोळा दिला. तसे सुख मला पुन्हा मिळाले नाही, हे सरळ सांगतो.

पुढे परभणीला एकाच दिवशी फौजेत भरती झालो. नशिबाने बटालियनही एकच मिळाली.

सोमवारी आम्ही सात जण पेट्रोल करून परत येत होतो. वाटेत बर्फाच्या पाण्याचा नाला होता. सकाळी तो गुडघाभर असतो, पण ऊन चढून बर्फ वितळले की दुपारी छातीला लागतो. म्हणून बाराच्या आत पार करायची ऑर्डर होती. एका जवानाचा पाय मुरगळला आणि नाल्यावर पोहोचायला १४२०, म्हणजे दुपारचे दोन वीस झाले. पाणी गढूळ होते. आत दगड गडगडत होते. थांबलो असतो तर पाणी आणखी चढणार होते आणि सुजलेल्या पायाच्या जवानाला घेऊन उघड्यावर थंडी काढावी लागली असती. हवालदारसाहेबांनी घड्याळ बघितले.

"रस्सी लावा. एकेक जण."

दत्ताकडे रेडिओ सेट होता. त्याने कळवले, "नाल्यावर पोचलो. पाणी जास्त. पार करतो. ओव्हर."

"आरामसे. आऊट," पोस्टवरून उत्तर आले.

पलीकडच्या दगडाला रस्सी बांधली. कमरेचा हुक रस्सीत अडकवून चार जण पार झाले, पाय मुरगळलेलाही झाला. पाचवा दत्ता. तो मधोमध असताना पलीकडचा दगड सरकला. रस्सी ढिली पडली आणि तो तिला लटकून पाण्याखाली गेला. दोनदा डोके वर आले. मग त्याने हुक सोडला, सेटही सोडला आणि पाण्याबरोबर निघाला.

अलीकडच्या काठावर मी आणि हवालदारसाहेब. दुसरी रस्सी माझ्या कमरेला, टोक त्यांच्या हातात. "जा," एवढेच ते म्हणाले. मी काठाने पळालो. खाली एका खडकाआड पाणी गोल फिरत होते. दत्ता तिथे पाठमोरा आला. मी उडी टाकून मागून गेलो, नानांनी शिकवले तसाच. पहिला हात केसांकडे गेला.

केस नव्हते. टोपी हातात आली आणि तळवा डोक्यावरून घसरला. कॉलर वीतभर खाली होती. हात तिथे नेईपर्यंत पाण्याने त्याला फिरवले. माझी दोन बोटे कापडाला लागली. मग तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०६१० ला तो सापडला.

त्याला घेऊन मी बोरीला आलो. तेराव्या दिवशी गयामायला सगळे सांगितले. हात कुठे गेला ते आणि केस कोणी कापले तेही. तिने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "जेवून जा." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिने मला माफ केलेले नाही असे मी धरून चाललो. मीही स्वतःला केले नव्हते.

आता मी पेन्शनवर आहे. नाना राहिले नाहीत. दर मे महिन्यात त्याच विहिरीवर गावातल्या मुलांना पोहायला शिकवतो. भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचा डबा आला. शिकवणीत मी एकच बदल केला आहे. मागूनच जायचे, पण हात काखेत घालायचा.

यंदा दत्ताची पुतणी, नऊ वर्षांची रेणू, पायरीवरून म्हणाली, "काका, केस सोपे पडतेत की. माझी तर वेणी हाय."

गयामाय वर निंबाच्या सावलीत बसली होती.

"काका सांगायलाय तसं काखंतच हात घाल," ती म्हणाली. "वेण्या कापल्या जातेत, बाई. कापनाऱ्याची कसूर नसती त्यात."