कानावरची शाई

कलेक्टर कचेरीबाहेर मी बावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंतच, तथापि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची वेळ अद्याप कोणा वकिलावर आलेली नाही. मी शाईचाच पेन वापरतो व तो कानावर खोवतो. कानाची कड निळसर काळी पडली ती त्यामुळेच, अशी माझी खात्री होती. पत्नीने लिंबू लावून घासले, तरी डाग गेला नाही.

माझी पाठ ताठ असे. लोक त्यास रुबाब म्हणत. मी म्हणू दिले. पुढे चप्पल घालण्यासाठीही वाकता येईना, तेव्हा इस्पितळ गाठले. डॉक्टरीणबाईंनी पाठीआधी कान पाहिले. शाईचा खुलासा मी सविस्तर केला.

"पेन दोन्ही कानांवर ठेवता का?" त्यांनी विचारले.

मी कानावरचा पेन काढून खिशात ठेवला.

तपासणीसाठी दिलेली लघवी तासाभराने काळी पडली. आजाराचे नाव अल्काप्टोन्युरिया. अन्नातील एक घटक शरीरात मोडत नाही, तो काळा पडून कूर्चांत, म्हणजे कान व सांध्यांतल्या लवचिक हाडांत, साचतो आणि मणके आखडतात. आईवडील दोघांच्या रक्तातून हा येतो. आमची आई वडिलांच्या मामाचीच मुलगी. भावंडे किती, असे बाईंनी विचारले आणि मला बहीण आठवली.

धाकटी बहीण शेंद्र्यात दिली आहे. तिला खाली बसून भाकरी थापता येईना, म्हणून सासरच्यांनी मागील वर्षी मला बोलावले होते. कायदा जाणणारा भाऊ म्हणून मी सर्वांसमक्ष निवाडा दिला होता: दुखणे नाही, कामाची टाळाटाळ आहे. ती तेव्हा पदर सावरून आत गेली होती.

दुसऱ्याच दिवशी शेंद्र्यास गेलो. ती चुलीपुढे पाय लांब करून, भिंतीला टेकून थापत होती. माझे सांगणे तिने शांतपणे ऐकले, मग डोईवरचा पदर मागे सारला. दोन्ही कान माझ्यासारखेच.

"दादा, मी तर कधी पेन लावला नाय," ती म्हणाली. "लोक हसतील म्हणून झाकत आले."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. "पाव्हणं, कामचुकार हाय असं तुमीच म्हनलं व्हतं."

"व्हय. मी चुकलो," मी म्हणालो. एवढे लहान वाक्य मी आजवर कोणाच्याही अर्जात लिहिले नव्हते.

सासूबाईंनी परात स्वतःकडे ओढली. "ऊठ, पाठ टेक जरा खाटंवर," त्या सुनेला म्हणाल्या. बहिणीला एकटीने उठता येईना. मी हात पुढे केला. मलाही वाकता येत नव्हते. तिने माझ्याकडे न पाहता तो धरला.