अंगठ्यातले दोन काटे

नमस्कार. मी इथे रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि आधीच सांगतो, भूतबित, अंगात येणं, गंडेदोरे यातलं मला काहीच पटत नाही. माझ्या मामाने एकदा लिंबू ओवाळून टाकलं तर मी ते उचलून सरबत करून प्यायलो होतो. असा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण चार महिने झाले आणि ज्याचे आभार मानायचे तो कोण हेच कळत नाही.

मी मूळचा चंदगडकडचा, पार खाली, कर्नाटकाला लागून. कामाला मात्र काटोलला, संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये. पेट्या भरायच्या, खिळे मारायचे, वर कुंच्याने व्यापाऱ्याचा मार्का काढायचा. सगळं काम उजव्या हाताचं. बायको आणि दीड वर्षाची मुलगी गावी, घरी.

एकदा बागेतून माल आणायला गेलो होतो. संत्र्याच्या कलमाच्या खाली जंबेरीचा, म्हणजे रानटी लिंबाचा खुंट असतो, त्याला फुटवे येतात, आणि त्या फुटव्याला हे एवढे काटे. पेटी उचलताना एक काटा अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या फुगीर मांसात घुसला. पिनेने उकरून तुकडा काढला, वर रुईचा चीक लावला आणि कामाला लागलो. निघाला काटा, संपला विषय, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी अंगठा वाकेना. हात लाल, गरम. कुंचा धरला की डोळ्यांत पाणी यायचं. काटोलच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, त्यात काही नाही. ते म्हणाले, लाकूड, काटा एक्सरेत दिसत नाही, नागपूरला दाखवा. नागपूरचे सर्जन स्पष्ट बोलले — "आत काहीतरी राहिलंय. पण अंगठा वाकवणारी दोरी तिथूनच जाते. अंदाजाने उघडून शोधत बसलो तर तीच दुखावेल. आणि थोडंसुद्धा आत राहिलं तर पुन्हा पू होईल, मग अंगठा कायमचा आखडेल. आधी सोनोग्राफी करून नेमकी जागा आणा."

कायमचा... हा एकच शब्द ऐकू आला मला. घरी काही कळवलं नव्हतं. बायको फोनवर विचारायची, आवाज असा का येतोय, मी म्हणायचो सर्दी झालीय. भीतीने मी नखं खातो, लहानपणापासूनची सवय. त्या दिवसांत दहाही बोटांची नखं मांसापर्यंत खाल्ली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सोनोग्राफी सेंटर नागपुरातच, मनीषनगरला. सोबत शेडवरचे सुभाषभाऊ आले. काटोलकडचेच, वयाने मोठे, तोंडाने तिखट, पण रजा टाकून आले. बसमधून उतरल्यापासून माझी चेष्टा चालू.

"काहून घाबरून राहिला गा एवढा? सोनोग्राफीच तं आहे. फक्त पोरगा का पोरगी इचारू नोको बरं, तिथं बोर्ड लावून आहे."

बाकावरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. त्या महिन्यात पहिल्यांदा.

दुपारचे बारा वाजले असतील. आतली खोली लहान, पडदे ओढलेले, स्क्रीनचा तेवढा उजेड. खोलीत आम्ही तिघंच. डॉक्टर मॅडम स्टूलवर, हातात ग्लोव्हज. मी खाटेवर आडवा, उजवा हात उशीवर उताणा, डावा हात मांडीखाली दाबून ठेवलेला, नाहीतर नखं खायला तोंडात गेला असता. सुभाषभाऊ दाराजवळ, दोन्ही हातांत आमच्या पिशव्या. खाटेपासून पाच-सहा पावलं तरी लांब.

मॅडमनी थंडगार जेल लावलं आणि चपटं प्रोब फिरवायला लागल्या. बराच वेळ नुसता राखाडी चिखल. मग म्हणाल्या, "सापडला! हा बघा, पांढरी रेघ. एक काटा आहे." माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी चित्र थांबवलं, प्रोब उचलून मशीनला अडकवलं आणि माझ्याकडे पाठ करून रिपोर्ट टाईप करायला लागल्या.

आणि तेव्हा ते झालं.

आमच्याकडे काटा रुतला की तो शोधायची एक रीत आहे. ज्याला काढायचा असतो तो अंगठ्याच्या नखाने जागेभोवती टोचत जातो. एकदा टोचायचं, थांबायचं, विचारायचं, "हितं?" नाही म्हटलं की जवाच्या दाण्याएवढं पुढे. पुन्हा टोचायचं, थांबायचं, "हितं?" ज्या जागी पोरगं ओरडेल तिथे काटा. आमच्या गावात कोणीही काटा असाच शोधतो.

माझ्या हातावर कोणीतरी नख टोचलं.

मी पाहिलं, तर हातावर कोणी नाही. नुसतं जेल चकाकत होतं. थोडं थांबून दुसरी टोचणी, जरा पुढे. पुन्हा थांबणं. आवाज अजिबात नाही, पण ते थांबणं मला ओळखीचं होतं... उत्तराची वाट बघतंय असं. चौथ्या टोचणीला अशी कळ गेली की मी दात आवळले. वाटलं आता थांबेल. नाही. अगदी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, अजून एकदा. तिथेही तशीच कळ! मग बंद.

भीती वाटली का? खरं सांगू, नाही वाटली. पण दोन जागी दुखलं होतं, आणि मॅडम टाईप करत होत्या — एक काटा.

बोलावं की नाही? सातवी शिकलेला माणूस डॉक्टरला काय सांगणार? पण एकच सांगितला तर सर्जन एकच काढतील. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, दोन आहेत."

"काय दोन?"

"काटे. दोन आहेत. शेजारी शेजारी."

दारातून सुभाषभाऊ, "अबे, मशीनपेक्षा तुले जास्त समजते का? मॅडमले काम करू दे ना."

मॅडम वळल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "दोन ठिकाणी दुखतंय. एकदा बघा ना, मॅडम... पाया पडतो."

त्यांना सहज रागावता आलं असतं. बाहेर रांग होती. पण त्या क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "फोकस खालीच राहिलाय." स्क्रीनच्या कडेला एक बारीक बाण होता, तो त्यांनी बटण दाबून वर सरकवला. मग एका नव्या ग्लोव्हमध्ये पाणी भरलं, गाठ मारली आणि तो फुगा माझ्या तळहातावर ठेवला. फुग्यावर प्रोब.

आधीची ती जाड पांढरी रेघ हळूहळू बारीक होत गेली... आणि मधोमध फाटली. मध्ये काळी फट. दोन रेघा! शेजारी शेजारी.

"अरे!" एवढंच म्हणाल्या मॅडम.

मग त्यांनीच समजावलं. मशीन आवाजाचा झोत आत सोडते. तो झोत सगळीकडे सारखा नसतो, जिथे फोकस ठेवला तिथे बारीक, बाकी पसरट. आधीच्या पेशंटला खोल बघायचं होतं, म्हणून फोकस खाली होता. माझा काटा कातडीलगत, तिथे झोत पसरट. पसरट झोताला जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, दोन्हीची मिळून एक होते. आणि प्रोब अगदी कातडीला टेकलं की वरवरचं धूसर येतं, म्हणून मध्ये पाण्याचा फुगा. मला लगेच कळलं. जाड कुंच्याने पेटीवर दोन टिंबं जवळ काढली तर एकच डाग होतो, तसंच ना? म्हटलं तर मॅडम हसल्या, "अगदी तसंच. कोण म्हणतं तुम्ही शिकलेले नाही?"

मग त्यांनी कापसाने जेल पुसलं आणि हात थांबला त्यांचा. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे कळ गेली होती नेमकं तिथेच, दोन लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. नखाच्या. शेजारी शेजारी.

"हे तुम्ही केलंत?"

मी डावा हात मांडीखालून काढून दाखवला. नख होतंच कुठे? मॅडमच्या हातात ग्लोव्हज. त्यांनी जेलच्या बाटलीचं झाकण खुणेवर लावून पाहिलं, प्रोबची कड लावून पाहिली. जुळेना. सुभाषभाऊ पिशव्या खाली ठेवून जवळ आले, वाकून पाहिलं. मग हळूच, "मी तं इथंच उभा होतो, मॅडम. याले हात नाही लावला."

मॅडम परत स्क्रीनकडे वळल्या. रिपोर्टमधला 'एक' खोडून 'दोन' केलं, खोली आणि मधलं अंतर लिहिलं, आणि त्या चंद्रकोरींवर पेनाने दोन फुल्या मारल्या, खुणा पुसल्या तर सर्जनला जागा कळावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सर्जननी नंतर बाटलीत दाखवले, दोन काळपट तुकडे. म्हणाले, दुसरा तर दोरीला टेकूनच होता, माहीत नसता तर मी टाके घालून मोकळा झालो असतो. फुल्यांची जागा चांगली दिली म्हणाले. मी मान हलवली. 

टाके काढले त्या दिवशी त्यांनी अंगठा करंगळीला लावायला सांगितला. हळू गेला, पण टेकला. मी लहान पोरासारखा रडलो. सुभाषभाऊ म्हणाले, "रडून काहून राहिला लेका? चाल, पेट्या वाट पाहून राहिल्या तुही." त्यांचेही डोळे ओले होते, पण हे त्यांना सांगू नका.

त्या रात्री घरी फोन करून सगळं खरं सांगितलं. बायको आधी भांडली, मग रडली, मग म्हणाली, "सासूबाई लहानपणी तुमचे काटे काढायच्या ना, त्याच असतील." आई जाऊन सहा वर्षं झाली. पण आमच्या गावात माझे काटे कोणी काढले नाहीत? आई, आत्या, थोरला भाऊ, शेजारची म्हातारी. नख तर सगळ्यांचं सारखंच लागतं. मी नाव घेणार नाही. चुकीचं नाव घेतलं तर खऱ्याचे आभार राहून जातील.

इथे शिकलेली माणसं आहेत. कोणी म्हणेल नसांचा खेळ, भीतीने झालेला भास. असेल. पण मग खुणांचं काय? मी मॅडमना पुन्हा भेटून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "फोकस कुठे ठेवायचा हे मी सांगू शकते. ते नख कोणाचं, ते नाही सांगता येत. पण त्या दिवसापासून पेशंट काही म्हणाला की मी पुन्हा एकदा बघते."

 हे सगळं मी मोबाईलवर उजव्या अंगठ्याने लिहिलंय. चार दिवस लागले, मध्ये मध्ये दुखतो अजून. तुम्ही जे कोणी होता... तुम्ही विचारलंत तेव्हा मी दात आवळून गप्प बसलो होतो. म्हणून आता सांगतो. हो, काटा तिथंच होता. दोन्ही ठिकाणी.