दाजींचा दुसरा तवा

एका ऑम्लेटच्या जोरावर अख्खा जन्म काढलेला माणूस जगात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणत असे. पण गावातली परकी माणसेही त्यांना दाजीच म्हणत. कारण नाव विचारले की ते आधी खडकीच्या लष्करी मेसची हकिगत सुरू करीत आणि नावापर्यंत पोहोचेतो ऐकणाऱ्याची एसटी निघून जाई. लढाईच्या काळात दाजी त्या मेसमध्ये होते. साहेब लोकांचा नाश्ता आपल्या हातचा असल्याशिवाय हलत नसे, असे ते सांगत. पुढे घोटावड्याचा एक माणूस भेटला, तोही त्याच मेसमध्ये होता. तो चारचौघांत म्हणाला, "ह्यो? ह्यो तर कांदा चिराय हुता." दुसरा एखादा शरमेने खाली बसला असता. दाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कांदा चिरतो त्योच खरा कुक. बाकीची नुसती ढवळत्यात."

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षे झाली असतील. पौडच्या अलीकडे दाजींच्या गावातल्या शाळेवर माझी मास्तर म्हणून नेमणूक झाली आणि मी आक्काच्या घरी राहायला आलो. दाजींना चांगली भातखाचरे होती, बैलजोडी होती, पण त्यांचे लक्ष शेतीत कधी नसे. ते असे गोठ्यामागे मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीवर. घरात त्यांची आई होती. आक्का तिला आत्याबाई म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. आत्याबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून तिच्या घरात मांस-मच्छी सोडाच, अंड्याचे नावही काढायची सोय नव्हती. तेव्हा दाजींचे सगळे साहेबी शिक्षण गोठ्यामागेच चाले. मेसमधून आणलेला लांब दांड्याचा फ्रायपॅन (कसा आणला हे विचारायचे नसे) गोठ्याच्या आढ्याला टांगलेला असे आणि काम झाले की दाजी विहिरीवर आंघोळ करून मगच उंबऱ्याच्या आत येत. थंडीत कुडकुडत, पण येत तसेच.

ऑम्लेट करायचे म्हणजे नुसते करायचे नव्हते. आधी अंगावर खाकी अर्धी चड्डी चढे. तीही मेसमधलीच. धोतरातला रुबाबदार माणूस त्या चड्डीत शिरला की बुजगावण्यासारखा दिसे, पण हे सांगण्याची कोणाची छाती नव्हती. मग चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठला आहे ते पाहायचे, कारण वास माजघरात आईकडे जाता कामा नये. अंडे विकत घ्यायचे तर ते उन्हात मुठीत धरून पाहायचे, कानाशी हलवायचे, बादलीत बुडवायचे. एकदा कोंबडीवाली बाई कंटाळून म्हणाली, "आंडं घेताय का पोरगी बघताय, दाजी?" कांदा मोहरीएवढा बारीक हवा. आक्काने चिरून दिलेला कांदा पाहून ते ओरडत, "ह्यो कांदा हाय का सरपण?" आक्का म्हणे, "मंग तुमीच चिरा. खडकीला दुसरं काय शिकलात?" कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, तंबाटी, पुण्याहून कोणी आणला तर कोबी, हळद, जिरे आणि वर चिमूटभर घरचा काळा मसाला. अंडे यात नावाला. तव्यावर घातले की कोणी बोलायचे नाही, नाहीतर ते "बसतं". एकदा तलाठी जेवायला बसला आणि मिठाची चिमूट मागून बसला. दाजींनी त्याच्या पुढचे ताट उचलले आणि म्हणाले, "मीठ मागणाऱ्याला ऑम्लेट न्हाई. रावसाहेब, तुमी पिठलं खावा." तलाठ्याने पिठले खाल्ले आणि पुढे वर्षभर सात-बाराच्या उताऱ्यासाठी दाजींना हेलपाटे घालायला लावले. एवढा सगळा थाट करून जे निघे ते बरे असे. बरे, त्याहून जास्त काही नाही. एक बाजू नेहमी करपलेली आणि मिरची अशी की खाणाऱ्याला चवीचा विचार करायला फुरसत मिळू नये.

मला दाजींची फुशारकी सहन होत नसे. मी ट्रेनिंग झालेला मास्तर होतो, पेपर वाचत होतो आणि गावात माझ्यापेक्षा जास्त ऐकला जाणारा माणूस म्हणजे खाकी चड्डीतला हा कांदेचिऱ्या. त्यात एके रविवारी गोठ्यामागे पाच-सहा मंडळी बसलेली असताना दाजींनी उलथने माझ्या हातात दिले. "परता मास्तर." मी परतायला गेलो आणि ऑम्लेट मधोमध फाटले. दाजी म्हणाले, "पोरं शिकवता का अशीच फाडता?" मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो. मनात मात्र ते जपून ठेवले.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आत्याबाईला हिवताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी चावत नाही, दूध नको, पेज पुढे ठेवली की तोंड फिरवायची. हाताच्या काड्या झाल्या. वैद्य म्हणाला, अन्न पोटात गेले नाही तर औषध काय करणार? अशात एक दिवस मुळशी धरणाकडून वारा फिरला आणि गोठ्यामागचा वास सरळ माजघरात गेला. आत्याबाई अंथरुणावरून म्हणाली, "काय करतुया रं तिकडं? वास लई ग्वाड येतुया." दाजींचे तोंड चोरी सापडल्यासारखे झाले. पण आईने कित्येक दिवसांनी कशाची तरी वासना धरली होती, हे त्या माणसाने बरोबर हेरले.

दुसऱ्या दिवशी दाजी पौडच्या बाजारातून नवा कोरा बिडाचा तवा घेऊन आले. तो गोठ्यात गेला नाही, सरळ स्वयंपाकघरात गेला. आक्काने घरच्या हरभऱ्याची डाळ जात्यावर दळली. अंड्याशिवाय ऑम्लेट फुगवायचे, असा दाजींनी चंग बांधला. पहिले तव्याला चिकटले. दुसरे पिठले झाले. तिसरे वहाणेला तळ म्हणून चालले असते. दाजी कधी ताक घालत, कधी चिमूटभर सोडा, कधी तांदळाची पिठी. पीठ फेटता फेटता दंड भरून येत. आईला दात नाहीत म्हणून कोबी किसून, मिरचीच्या बिया काढून, तंबाटी आधी परतून. बिघडलेला प्रत्येक नमुना माझ्या पोटात गेला. चुलीसमोर पाटावर मी बसलेलो असे आणि शेरे मारीत असे. म्हणून सांगतो की ते पीठ, तो तवा, ते सगळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

शेवटी एकदा जमले. पिवळेधमक, जाळीदार, कडेला किंचित कुरकुरीत. आत्याबाईने एक घास घेतला, मग दुसरा, आणि ताटली रिकामी करून म्हणाली, "आनिक हाय का?" दाजी बाहेर आले. मी उरलेला तुकडा खात ओट्यावर बसलो होतो. मिठावरून तलाठ्याचे ताट उचलणारा तो माणूस माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "मास्तर, मीठ कमी झालं का वं?" मीठ अगदी बरोबर होते. मी म्हणालो, "जरा कमीच वाटलं."

म्हातारी महिन्याभरात काठी टेकत अंगणात आली. एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! एसटीच्या थांब्यावर, न्हाव्याच्या ओट्यावर, देवळापुढे, जिथे चार डोकी दिसतील तिथे त्यांची दवंडी सुरू झाली. "आंड्याचं ऑम्लेट अन् माजं बेसनाचं. डोळं झाकून खावा अन् वळखून दावा. खडकीचा साहेब फसंल!" फडक्यात तुकडे बांधून नेत आणि लोकांना चारीत. एका सकाळी एसटीच्या थांब्यावर असेच चालले होते. भजनी मंडळाचे बुवाही तिथे होते. ते एक घास चघळून म्हणाले, "न्हाई बा वळखत." मी छत्री टेकून उभा होतो. म्हणालो, "वळखणार कसं बुवा? दोन्हीत अंडंच असतं!"

एवढे एकच वाक्य. मंडळी इतकी हसली की कंडक्टरही हसला. दाजीसुद्धा हसले, कारण मेहुण्याने दाजीची खोडी काढायची ही रीतच आहे. मी एसटीत बसून पुण्याला गेलो आणि परत आलो तो माझे वाक्य विहिरीवर, ओढ्यावर, भजनात सगळीकडे फिरून आलेले होते. फक्त वाटेत त्यातला विनोद गळून पडला होता. पोराने माळकरी आईला अंडे चारले, एवढेच उरले होते.

संध्याकाळी बुवा आणि आणखी दोघे ओट्यावर येऊन बसले. आत्याबाई दारात बसली होती.

"आंडं हुतं का रं त्यात?"

"न्हाई गं आये. हरबऱ्याचं पीठ हाय."

"मी दळलंय, आत्याबाई," आक्का आतून म्हणाली.

"बाईमानूस नवऱ्याचंच वडनार," बुवा म्हणाले.

"तूच म्हनत हुतास न्हवं," म्हातारी म्हणाली, "कुनाला वळखाया यायचं न्हाई म्हून?"

स्वतःच्याच फुशारकीने तो माणूस बांधला गेला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मास्तरांना इचार. ते चुलीम्होरंच बसल्यालं असत्यात. मास्तर खोटं बोलायचं न्हाईत."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पीठच होते म्हणावे तर सकाळचे माझे बोलणे खोटे ठरत होते, तेही बुवांसमोर. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "मला स्वयंपाकातलं काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी आत्याबाईने गळ्यातली माळ काढली, देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला अडकवली आणि चुलीजवळ येऊन बसली. "टाक तवा," म्हणाली. दाजी म्हणाले, "आये, माळ घाल की गं. न्हाई त्यात काय." ती म्हणाली, "असंल, नसंल. तुज्या हातचं मी सोडनार न्हाई. पर माळ कशापाई बाटवायची?" खाऊन झाले की आंघोळ करायची आणि मग माळ घालायची. हे रोजचेच झाले. एकदा दाजींनी पिठाचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे तिच्यादेखत केले. ती डोळे बारीक करून पाहत राहिली आणि म्हणाली, "तुजा हात चलाख हाय बाबा, अन् मला मोतीबिंदू." दाजी हसले नाहीत. मुळशी तालुक्यातला सगळ्यात बडबड्या माणूस, पण आईला एवढी एक गोष्ट पटवणे त्यांना जमले नाही. आक्का माझ्याशी बोलत असे, पण ताटात वाढताना "आनिक घे" म्हणायची ती म्हणेनाशी झाली.

थंडीत एका सकाळी आत्याबाईने ताटली पुसून खाल्ली, भिंतीला टेकून बसली, आणि आंघोळीचे पाणी तापेतो गेली. माळ खुंटीवरच होती. तिरडी बांधली तेव्हा दाजींनी माळ काढून आणली. बुवांनी हात आडवा केला. "थांबा जरा. गावात बोललं गेलंय. खरं काय त्ये कळाय पायजे." ओल्या पंच्यात उभ्या असलेल्या दाजींनी माझ्याकडे पाहिले. पोरे घाबरल्यावर पाहतात तसे. मी वहाणेचा अंगठा नीट करू लागलो, आणि तो बराच वेळ नीट करीत राहिलो. म्हातारी माळेशिवाय गेली.

पुढे माझी बदली झाली. दाजींनी मला एका शब्दाने विचारले नाही. मात्र खडकीची हकिगत त्यांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकली नाही. फ्रायपॅन आढ्याला गंजला. ज्या फुशारकीने माझे कान किटले होते, ती ऐकायला मिळावी म्हणून मी दर खेपेला मुद्दाम विषय काढी आणि दाजी म्हणत, "जाऊ द्या मास्तर, आमी कांदा चिरनारी मानसं." बऱ्याच वर्षांनी एकदा गेलो, तेव्हा दाजी पार थकले होते. न विचारता त्यांनी तो बिडाचा तवा चुलीवर ठेवला. कांदा मोहरीएवढा राहिला नव्हता. माझ्या ताटलीत वाढताना म्हणाले, "ह्यो तवा तुमी बघितला हुता न्हवं?"

"बघितला होता, दाजी."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर बसून राहिले.

झाले नव्हते. दाजी गेले, बुवा गेले, त्या एसटीच्या थांब्यावर हसलेल्यांपैकी फारसे कोणी उरले नाही. पण गेल्या लग्नसराईत मांडवात कोणाच्या तरी नातवाने मला विचारले, "आजोबा, आईला अंडं चारणारे दाजी ते तुमचेच ना?" माझा विनोद अजून जिवंत आहे आणि माणूस नाही. तेव्हा आता लिहून ठेवतो. त्यात हरभऱ्याचे पीठ होते, कांदा होता, किसलेला कोबी होता, आंबट ताक होते. तवा कोरा होता. अंडे नव्हते, कधीच नव्हते. आणि दाजी, मीठ बरोबर होते.