ऊन आहे

आमचे रायरमामा मोटारीचं इंजिन डवलीनं ऐकत. डवली म्हणजे स्वयंपाकघरातलीच, नारळाच्या करवंटीला लांब लाकडी दांडा लावलेली. दांड्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, करवंटी कानावर पालथी घालायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत त्यांना सगळे 'अगप्पै रायर' म्हणत; अगप्पै हे डवलीचंच तमिळ नाव. कुणी हसलं तर म्हणायचे, "डॉक्टर छाती ऐकतो, त्यास नळी हवी. इंजिन पोटावर चालतें. त्यास स्वयंपाकघरचंच हवं." ती डवली मामींची होती. मामी गेल्यावर ती चुलीकडून खुंटीवर आली आणि खुंटीवरून मोटारीच्या बॉनेटखाली.

नात्यानं ते माझे कुणी नव्हते. एका बस कंपनीच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन गल्लीतल्या दोन खोल्यांत एकटे राहत. मी तंजावरहून मद्रासला कारकुनीसाठी आलो आणि जवळच्याच एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, खाट घेतली. तिथल्या जिन्यात मला आमच्याकडची मराठी बोलताना ऐकून त्यांनी हटकलं, "कुठला रे तूं?" तंजावर म्हटल्यावर पुढचं काही विचारलं नाही. "रविवारी जेवावयास ये," एवढंच म्हणाले. मी दर रविवारी जात राहिलो. दोन पानं मांडताना ते माझ्यासाठी दुसरा पाट भिंतीकडून पुढे घेत. एरवी तो भिंतीला टेकून उभा असे.

त्या काळी डिझेलच्या मोटारी मद्रासेत थोड्या. बऱ्याचशा म्हणजे जुन्या पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवलेल्या. अशी गाडी घ्यायची तर लोक आधी रायरांना बोलावत. मामांचा पहिला नियम असा की गाडी सकाळी लवकर बघायची आणि त्याआधी ती कुणी चालू केलेली असता कामा नये. आल्या आल्या ते तळहाताची उलटी बाजू बॉनेटवर ठेवत, आई मुलाच्या कपाळावर ठेवते तशी. गार लागलं तर पुढचं काम. जरा कोमट लागलं की डवली काखेत मारून परत. मालक मागं धावे. मामा वळूनही न बघता म्हणत, "उद्यां येतो. आज ती जेवून बसली आहे."

मला त्यांनी कारण समजावलं होतं. झिजलेलं डिझेल इंजिन थंड असताना लवकर पेटत नाही. खोकतं, पांढरा धूर सोडतं. एकदा तापलं की शहाण्यासारखं चालतं. म्हणून विकणारा आधीच फेरी मारून आणतो. "थंड असतां विचार, खरं सांगेल. ऊन झाल्यावर सगळेच गोड बोलतात," हे त्यांचं वाक्य मी निदान पन्नासदा ऐकलं असेल. मग तेलाचं झाकण उघडून वाफेचा भपका बघायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी वेष्टीचा, म्हणजे जुन्या धोतराचा, पांढरा तुकडा धरायचा, काळं आलं की निळसर ते पाहायचं, आणि सगळ्यात शेवटी डवली. पसंत पडलं तर एकच शब्द, "चोखट." आमच्या बोलीत चांगल्याला चोखट म्हणतात. मामांचं चोखट म्हणजे जॉर्ज टाउनातले सुट्या भागांचे व्यापारीही मान हलवत.

आता मला जे सांगायचं आहे ते.

मामांच्या गल्लीत सांगलीकडचे एक मास्तर राहायला आले. शाळा सोडून आलेले. दक्षिणेची यात्रा करायला येणाऱ्या मराठी माणसांना मोटारीनं कांची, महाबलीपुरम दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. माणूस हसरा. आमची मराठी ऐकून म्हणे, "अहो, तुम्ही तर पोथीतून उठून आल्यासारखे बोलता." त्यांना डिझेलची गाडी हवी होती आणि मैलापूरच्या एका वकिलांना तशीच गाडी विकायची होती. वकील आमच्यातलेच, तंजावरचे. त्यांच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं, ठरलं नव्हतं. दोन्हीकडे बोललो मीच. मास्तर म्हणाले, "रायर चोखट म्हणाले तर घेतो. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही."

आदल्या संध्याकाळी वकील मला म्हणाले, "सकाळीं जरा लवकर ये. एकदां चालवून ठेव. थंड असतां ती थोडा हट्ट करते." कॉफी आणून ठेवून मुलगी दाराआड उभी होती. मी "सरि" म्हणालो. त्या एका तमिळ होकारात माझं सगळं आयुष्य बसलं.

सकाळी गाडी सुरू व्हायला किती वेळ लागला ते मला आणि त्यांच्या माळ्याला माहीत. पांढरा धूर कंपाउंडभर झाला होता. मी तिला समुद्रापर्यंत नेऊन आणलं आणि पूर्वेला तोंड करून मोकळ्या जागेत उभी केली. मामांना आणायलाही मुद्दाम उशिरा गेलो. ते, मास्तर आणि मी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि बॉनेटवर उजेड पडला होता.

मामांनी हात ठेवला. म्हणाले, "ऊन आहे."

आमच्या घरांत ऊन म्हणजे फक्त गरम. ऊन पाणी, ऊन भात. ताप आला की अंग ऊन. आकाशातल्या उन्हाला आम्ही तमिळ वेय्यिल म्हणतो. मास्तरांना हे कुठून ठाऊक असणार? ते मान पुसत म्हणाले, "हो ना, आठलाच केवढं ऊन. सावलीत तरी घ्या गाडी." आणि हसले. मीही हसलो.

मामा हसले नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, "कोण चालविलं?"

"कोणी नाहीं, मामा. वेय्यिलांत उभी आहे. म्हणून ऊन."

दोन्ही मराठींच्या मधल्या फटीत मी उभा होतो आणि मला तिथे लपायला जागा मिळाली. मामांनी हात काढून घेतला. वळून परत जातील असं मला वाटलं. खरं तर जावेत, अशी मनात इच्छाही होती. ते म्हणाले, "सरि. तूं सांगतोस." गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांनी डवली लावली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "चोखट."

दीड महिना गाडी कशीबशी चालली. नंतर रोज सकाळी ती ढकलावी लागे. मास्तर, शेजारचे दोघेतिघे आणि सगळ्यात मागे, दिव्याजवळ खांदा लावून, मामा. बोलावलं नसतानाही ते रोज येत. एक दिवस कुणीतरी ढकलता ढकलता तमिळमध्ये म्हणालं, "अगप्पै लावा रायर, काय म्हणते ऐका." सगळे हसले. मामा ढकलत राहिले. मी हे मॅन्शनच्या गॅलरीतून पाहिलं. खाली उतरलो नाही.

कांचीच्या वाटेवर यात्रेकरूंसकट इंजिन बसलं, तेव्हा मास्तरांनी गाशा गुंडाळला. जाताना त्यांनी आपल्या मराठी पुस्तकांची एक पेटी मला दिली. "तुमची पोथीतली भाषा जरा सुधारा," म्हणाले. त्यांना कशाचाच संशय आला नव्हता. आज मी जे मराठी लिहितो आहे ते त्यांच्या पुस्तकांवरून शिकलेलं आहे. हेही सांगून टाकतो.

मामांना पुढे कुणी बोलावलं नाही. वकिलांच्या मुलीशी माझं लग्न झालं. ते आले, अक्षता टाकल्या, न जेवता गेले. रविवारचं जाणं मीच बंद केलं. घर दूर पडतं, असं सांगायला कारण होतं.

वर्षभरानं एकदा दुपारी गेलो. बस चुकली म्हणून चालतच. त्यांनी दार उघडलं. फार वाळले होते. आत पाट भिंतीला टेकलेला होता, डवली खुंटीवर. त्यांनी तळहाताची उलटी बाजू माझ्या गालाला लावली.

"ऊन आहे," म्हणाले.

"वेय्यिलांतून चालत आलो, मामा."

"त्या दिवशींही तूं वेय्यिलावरच घातलंस." आवाजात राग नव्हता. "डवलीचा दांडा लांकडाचा. त्यास ऊन कळत नाहीं. बॉनेट वेय्यिलानंही ऊन होतं; उघडून आंतल्या इंजिनास हात लावितो तर कळतं. तूं सांगितल्यावर हात लावावा, म्हणजे तुझीच परीक्षा की रे. ती मी कशी करूं?"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "आतां नको. आतां तूं काहींतरी गोड बोलशील. थंड होऊन ये. मग विचारतो."

त्यांनी ताक दिलं. मी ते पिऊन निघालो. थंड व्हायला मला फार दिवस लागले, आणि मामांकडे तेवढे दिवस नव्हते. शेजारणीनं डवली माझ्यासाठी ठेवली होती. "ही त्या तंजावरच्या मुलाला द्या," एवढंच ते सांगून गेले होते.

ती आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायकोनं ती पहिल्यांदा सांबारात घातली. कुणाची म्हणून हिनं विचारलं, तर "एका ओळखीच्यांची" म्हणालो. वकील, माझे सासरे, आता नाहीत. हिला आपल्या वडिलांचा अभिमान आहे आणि माझ्या खरेपणाबद्दल ती चार जणांत बोलते.

आता विचारणारं कुणी राहिलं नाही, म्हणून न विचारताच सांगितलं. हे छापून आलं तर ही वाचील. हिला मराठी अक्षरं सावकाश लागतात. पण लागतात.